आठ नंबरचा फाउल

तीर्थरूप दादास,
गोलमधून साष्टांग नमस्कार.

"तू गोलमध्ये उभी राहा, तुला काही करावं लागणार नाही," असं तू मला अंगणाच्या फाटकापाशी म्हणाला होतास. तू सांगशील ते खरं मानायचं माझं वय होतं. तेव्हापासून उभी आहे. तुझी प्रकृती बरी असेल, वहिनींची पाठ आता त्यांना वाकू देत असेल, अशी आशा करते. (वहिनींना सांग, त्यांनी बाबांसाठी पाठवलेला शेकायचा पट्टा बाबांनी भिरकावून दिला, म्हणून मी वापरते. मला चालतो.) इकडे सर्व क्षेम आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते.

आधी ऑफिसचं सांगते, म्हणजे घरचं सांगायला धीर येईल. आमचा सध्याचा प्रोजेक्ट म्हणजे लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाने मोबाइलवरून तक्रार नोंदवायची सोय. वर्षभर राबून ती उभी केली आणि मग कळलं की लिफ्टमध्ये मोबाइलला रेंजच येत नाही. (हे लक्षात आणून देणारी मी, म्हणून चूकही माझीच धरली गेली.) दर सोमवारी मला प्रोजेक्टची तब्येत रंगात कळवावी लागते: हिरवा, पिवळा किंवा लाल. मी लाल लावला. साहेब म्हणाले, "अहो मॅडम, लाल कशाला? वरचे लोक दचकतात. पिवळा करा. बॉल अजून आपल्या कोर्टात आहे." साहेबांना फुटबॉलचे दाखले द्यायची भारी हौस, पण तोंडातून टेनिस बाहेर पडतं. मी पिवळा केला. रेफरीची मुलगी असून केला. घरी आल्यावर बाबांसमोर लॅपटॉप उघडायची लाज वाटली, खरं तर त्यांना आता अक्षरं लागत नाहीत, आकडे तेवढे ओळखतात.

झटक्यात बाबांचा उजवा हात गेला आणि वाचाही गेली, हे वहिनींकडून तुझ्या कानावर आलंच असेल. व्यायाम करून घ्यायला एक गृहस्थ येतात (मी त्यांना पैलवान म्हणते, वजन माझ्या ओढणीएवढं). ते म्हणाले, डाव्या हाताला काहीतरी चाळा द्या. माझी लेक होस्टेलला जाताना तिचा फुटबॉलचा व्हिडिओ गेम घरीच टाकून गेली होती, तो लावला. कंट्रोलर एक आणि त्याला हात लागतात दोन. म्हणून बाबांचा डावा अंगठा खेळाडूला पळवतो आणि माझा उजवा अंगठा बॉलला लाथ मारतो. बाप धावतोय, मुलगी लाथा घालतेय, आणि शेजारच्या काकू दारातून बघून म्हणतात, "चांगली सेवा चाललीय गं!"

अडचण अशी की या गेममध्ये रेफरी होता येत नाही. जन्मभर शिट्टी वाजवलेल्या माणसाला कुठल्यातरी एका बाजूने खेळावं लागतं, आणि ते त्यांना पटत नाही. आपल्याच खेळाडूने कोणाला ढकललं आणि पडद्यावरच्या रेफरीने डोळेझाक केली, की बाबा अंगठा उचलून घेतात आणि माझ्याकडे बघत राहतात. त्या खेळाडूला मी बाहेर काढेपर्यंत खेळ बंद. "अहो बाबा, त्यानेच सोडून दिलं ना? मग तुमचं काय जातंय?" म्हटलं की डोळे मिटून घेतात. बदली खेळाडू संपले की मॅच तिथेच सोडून द्यायची. आम्ही आजवर एकही मॅच जिंकलेलो नाही.

गेल्या आठवड्यात मात्र उलटंच झालं. आमच्या आठ नंबरने पेनल्टीच्या चौकोनात समोरच्याला आडवा केला (लाथ माझीच, उशिरा बसली) आणि पडद्यावरच्या रेफरीने सरळ लाल कार्ड काढलं. मला वाटलं, बाबा खूश होतील, अखेर त्यांच्या तालमीतला कोणीतरी भेटला. त्यांनी कंट्रोलर पांघरुणावर टाकला आणि म्हणाले, "नव्हता." झटक्यानंतर त्यांच्या तोंडून 'हं' आणि 'चल' यापलीकडे काही आलं नव्हतं, दादा. मी विचारलं, "काय नव्हता? फाउल?" ते परत म्हणाले, "नव्हता." मग डावा हात वर धरला, मैदानात कार्ड दाखवताना धरायचे तसा, आणि तो रिकामा हात हळूहळू खाली आणून सदऱ्याच्या खिशात घातला.

आठ नंबर तुझा होता. संघाची निवड करणारे लोक समोर बसलेले असताना बाबांनी स्वतःच्या मुलाला लाल कार्ड दाखवलं. तू ओरडत होतास की मी बॉललाच मारलं, त्याचा पाय मध्ये आला. बाबा म्हणाले, "मैदानात मी कोणाचा बाप नाही." त्यानंतर तू घरातही कोणाचा मुलगा राहिला नाहीस. आई होती तोवर तुमचे निरोप तिच्या तोंडून जायचे-यायचे. आता ते काम वहिनी करतात. पण हा निरोप वहिनींवर सोपवण्यासारखा नव्हता, म्हणून पत्र.

घरातल्या मोठ्यांना नमस्कार, छोट्यांना माझ्याकडून एकेक धपाटा.

तुझी धाकटी

ता. क. बाबांना बोलायला शिकवणाऱ्या बाईंना मी हे मोठ्या उत्साहाने सांगितलं. त्या म्हणाल्या, "हुरळून जाऊ नका हं. या आजारात माणूस 'हो'च्या जागी 'नाही' म्हणतो. 'नव्हता' म्हणजे 'होता'सुद्धा असेल." तसं असेल तर बाबा अजून त्या कार्डावर ठाम आहेत आणि मी तुझं डोकं उगीच खाल्लं. पण खिशात गेलेल्या हाताचं काय, ते बाईंनाही सांगता आलं नाही.

आणखी एक ता. क. वर 'सर्व क्षेम' लिहिलंय, तो साहेबांचा पिवळा समज. डॉक्टर म्हणाले, पुढचा झटका सोसणार नाही, कोणाला बोलवायचं असेल तर बोलावून घ्या. मी तुला ये म्हणत नाही. तुझ्या जागी मी असते तर आले असते का, हे मलाही सांगता येणार नाही.

शेवटचा ता. क. रविवारी दुपारी माझ्या नंबरवरून तुला फोन येईल. पलीकडे मी नसेन, ते असतील. बराच वेळ नुसता श्वास ऐकू येईल. तू फोन ठेवून देशील, हे मी धरूनच चालले आहे. तरीपण दादा, ठेवू नकोस.