फोटोमागची ओळ

॥ श्री वीतरागाय नमः ॥

मंगळवार पेठ, कोल्हापूर
६ ऑगस्ट २०२५

चि. सौ. आदिती हिस राजमतीचा आशीर्वाद, वि. वि.

आज पोस्टातून आलं ते असं: परत आलेली आपल्या जैन चटणीची पाकिटं अकरा, टपालाचा भुर्दंड सातशे सत्तर रुपये, आणि एक चिठ्ठी, की चटणीत कांदा-लसूण हाय कुठं.

तू पुण्याहून फोनवर मीटिंग आहे म्हणून ठेवून देतेस, म्हणून लिहिते. आपल्या गल्लीतल्या रत्नाबाई मावशींना दिसत नाही. त्यांचा फोन सगळं वाचून दाखवतो. काल त्यांनी तू सांभाळतेस ती आपली चटणीची वेबसाइट उघडली. फोटोवर बोट ठेवताच फोन बोलला, ‘झणझणीत कोल्हापुरी कांदा-लसूण चटणी, मटणासाठी खास.’ तेही चातुर्मासात! चाळीस वर्षं त्यांनी कंदमूळ तोंडात घातलेलं नाही, आणि चार वर्षं माझी चटणी खातात. मंदिराच्या पायरीवर सगळ्यांदेखत त्यांनी विचारलं, की राजमती, मला काय खाऊ घातलंस गं? मी शपथ घेतली. त्या म्हणाल्या, फोनचं माझ्याशी काय वैर हाय?

चटणी मी मसाला कुटायच्या गिरणीत, डंकावर उभं राहून कुटून आणते. हे शब्द कुणाचे?

राजमती

चिंचवड
१२ ऑगस्ट

ती. सौ. वहिनींस सा. न. वि. वि.

शब्द माझेच. गूगलला फोटोतलं धड कळत नाही, ते लिहून सांगावं लागतं. तुम्ही पाठवलेले फोटो नुसत्या नंबरांचे आणि इतके जड, की पान उघडेपर्यंत गिऱ्हाईक जेवून उठायचं. मी ते हलके केले, एकेकाला नाव दिलं, मागं न दिसणारी ओळ लिहिली; मावशींचा फोन वाचतो ती हीच. लोक जे शोधतात तेच शब्द घातले. बिनकांद्याची चटणी शोधणारे असे किती?

महिन्याला सहाची साठ पार्सलं झाली तेव्हा तुम्ही देवापुढं साखर ठेवलीत, कारण विचारलं नाहीत. उलट मी विचारलं, तेव्हा म्हणालात, मागं काय लिहायचं ते लिही, दिसतंय कुणाला. आता अब्रूवर आल्यावर मी खोटारडी काय? सांगाल तर ओळ काढते. मग गूगलच्या दहाव्या पानावर बसून जप करा.

यांचा नमस्कार. माझा वर लिहिलाय तेवढाच.

आदिती

मंगळवार पेठ
१८ ऑगस्ट

चि. सौ. आदिती हिस आशीर्वाद.

तसं मी म्हणाले होते, खरं आहे. माझा एवढा एक शब्द तू पाळलास. बाकी कधी पाळल्याचं आठवत नाही.

तुझं पत्र मी रत्नाबाई मावशींना वाचून दाखवलं, एक ओळ न गाळता. ‘दिसतंय कुणाला’ला त्यांनी माझ्या हातातला हात काढून घेतला. म्हणाल्या, व्हय की, मला न्हाय दिसत.

सोबत चौदा फोटोंच्या चौदा ओळी आहेत. पहिली अशी: ‘कांदा-लसूण न घातलेली कोल्हापुरी जैन चटणी, स्टीलच्या डब्यात, बाजूला सुकं खोबरं, धणे, तीळ.’ जे ताटात होतं तेच लिहिलंय. एक शब्द इकडचा तिकडं करू नकोस. फोटो हलके केलेस ते राहू देत, ते काम चांगलं झालंय. पार्सलं सहावर आली तर सहाच कुटेन.

फोन खरं बोलेपर्यंत मावशींनी तिखटच सोडलंय. काल माझ्यादेखत दुधात भाकरी कुस्करून खाल्ली. मी वाढलेल्या आमटीची वाटी तशीच मागं सारली. म्हणून ओळी बदलल्यास की उलट टपाली कळव. राग हवा तेवढा ठेव, लोभाचं पुढं बघू.

राजमती