आईच्या मुठीतला पट्टा

१२ जानेवारी, रविवार

ही जुनी फोर-बाय-फोर गाडी घेतल्यापासून कोणता पार्ट आधी बदलायचा, ते मीच ठरवतो. टायर झाले, क्लच झाला, मागच्याच महिन्यात ब्रेकही नवे टाकले. बाजूच्या सीटबेल्टचं लॉक तेवढं लागत नाही. ते राहूनच गेलं. तिथे आई बसते. पट्टा छातीवरून ओढते आणि मुठीत धरून ठेवते. म्हणते, "मी धरून बसते ना गा, तू समोर पाह्य."

आज मौद्याहून येताना अचानक म्हैस आडवी आली. नवे ब्रेक काय मस्त लागले! गाडी जागच्या जागी थांबली आणि आईचं कपाळ डॅशबोर्डवर आदळलं.

मी काय केलं? उतरलो आणि बंपर पाहिला. आधी बंपर! काहून? म्हैस तर केव्हाच निघून गेली होती.

परत येऊन बसलो, तर आईच विचारते, "गाडीले काही झालं नाही ना गा?"

"काहीच नाही," मी म्हणालो. चक्क खूश होऊन म्हणालो.

प्रताप नगरचं घर येईपर्यंत तिने एका हाताने कपाळावरचं टेंगूळ दाबून धरलं होतं. दुसऱ्या हातात पट्टा होता.