सोयाबीनच्या पोत्यावरचं माप

शेलूबाजार, ९ जानेवारी २०२५

ती. सौ. अंजूताईस,
रविकांतचा सा. न. वि. वि.

फोनवर दोन मिनिटांत आपलं भांडण होतं, म्हणून पत्र. मला चार दिवस झोप नाही. मालेगावच्या हुकूमचंद शेठजींच्या मुलाने, पुनीतने, जुनी स्पोर्ट्‌स कार घेतलीय. लाल, दोनच सीटांची, आणि इतकी बुटकी की गतिरोधक आला की पोट घासतं. त्याच्या आईला, म्हणजे राजमतीबाईंना, तीतून शिरपूरला दर्शनाला न्यायचा त्याचा हट्ट आहे. पण बाईंच्या पाठीचं ऑपरेशन झालेलं आणि सीट दगडासारखी. ती आरामाची करून द्यायचं काम माझ्याकडे आलंय. जमलं तर जीपच्या सीटा शिवत जन्म जाणार नाही.

बाबांच्या रीतीने अर्ध्या भरलेल्या सोयाबीनच्या पोत्यावर गिऱ्हाईक बसवायचं, उठलं की पडलेल्या खळग्याप्रमाणे फोम कापायचा. पण हायवेवरच्या आपल्या दुकानात, चहा पिणाऱ्या जीपवाल्यांसमोर राजमतीबाई पोत्यावर कशा बसतील? मग आपल्या आईलाच बसवलं. दोघी एका बांध्याच्या. मले कायले बसवतं, म्हणून कुरकुरली, पण बसली. तुला सांगायला सांगितलंय की ती ठणठणीत आहे.

लोभाची शिवण उसवू देऊ नये.

तुझा,
रवी


अमरावती, १६ जानेवारी

चि. रवीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या पायाला लहानपणापासून भिंगरी. जीपवाल्यांनी आजवर पोटाला घातलं, त्यांना एका लाल गाडीपायी नावं ठेवू नकोस. बाकी काम मनासारखं होवो; पहिली चक्कर मला मारून आण म्हणावं पुनीतला, माझ्या वजनाने गाडी आणखी बुटकी होईल.

आईने तिळगूळ पाठवला नाही, असं यंदा पहिल्यांदाच झालं. विचारलं तर म्हणाली, कंटाळा आला. आईला आणि कंटाळा? मला चैन पडत नाही. नीट बघ तिच्याकडे. हे पत्र वाचून खिशात कोंबू नकोस.

माया पातळ न करणारी,
ताई


शेलूबाजार, २५ जानेवारी

ती. ताईस सा. न.

सगळं फसलं. पुनीतने सीट बसवून राजमतीबाईंना घरच्या अंगणातच बसवून पाहिलं. मऊ आहे, पण उजवीकडे कलल्यासारखं होतं, म्हणाल्या. मी फोम फेकला, आपल्या आईला पुन्हा पोत्यावर बसवलं, नव्याने कापलं. पुन्हा तेच! लेव्हलची पट्टी लावून पाहिलं, लोखंडी सांगाडा सरळ आहे. म्हणजे माझा हातच बिघडला. जीपवाले हसतात. आता आईवरही उगाच खेकसतो. ती खाली मान घालून दुकानात शिवण घालत बसते.

तुझ्या रागालाही आपलं मानणारा,
रवी


अमरावती, ३१ जानेवारी

चि. रवीस आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. अरे, दोनदा कापलंस आणि दोन्ही वेळा उजवीकडेच कललं, तर चूक हाताची कशी? पोत्याला खोटं बोलायचं काय कारण? बसलं कोण होतं, ते आठव. दिवाळीत आई फराळाला डावा पाय लांब करून, एका अंगावर बसत होती. विचारलं तर सवय पडली म्हणाली, आणि मीही मानलं. फोन केला तर ती ठणठणीत आहे म्हणून ठेवून देते. सीट मरू दे. आधी आईकडे बघ.

काळजीत,
ताई


शेलूबाजार, ९ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न.

तुझं पत्र आलं त्याच दुपारी आईला तिसऱ्यांदा पोत्यावर बसवलं. ती उठली आणि खळगा बघून मला रडू कोसळलं. उजवीकडे खोल, डावीकडे नुसतं टेकल्यासारखं. तेव्हा कबूल झाली. दिवाळीच्या आधी मोरीत पडली होती. तुले काम लागून राह्यलं होतं, काहून सांगू, म्हणाली. तीन महिने माझ्यासमोर बसून ती हाताने शिवण घालत होती, ताई.

पुनीतला सांगितलं. त्याने मी फेकलेली पहिली फोमची गादी स्वतः शोधून पुन्हा गाडीत बसवली आणि आईला अकोल्याला नेलं. गाडीत तेलाचा उघडा डबा ठेवल्यासारखी हळू चालवत होता. मी मोटरसायकलवर मागे. त्या पडण्यापासून खुब्याचं हाड झिजत गेलंय, पुढच्या सोमवारी ऑपरेशन आहे. तू ये.

आणि राजमतीबाई काल स्वतः दुकानात आल्या. डोक्यावरचा पदर सावरून, सगळ्या जीपवाल्यांदेखत पोत्यावर बसल्या. कोणी हसलं नाही. त्यांची सीट आता होतच आली.

एकच सांगायचं राहिलं. दवाखान्याच्या दारात उतरताना आईला विचारलं, रस्त्यात दुखलं का. म्हणाली, काईच नाई दुखलं. राजमतीबाईचं नशीब मोठं, तिच्यासाठी किती आरामाची सीट बनवली तू. मी तिचा हात धरून तिला आत नेलं. ते माप कोणाचं होतं, ते तू आलीस की तूच सांग तिला.

वाट पाहणारा,
रवी