मागच्या सीटवरचे पाय

मी, खाली सही करणारा, वय वर्षे अडुसष्ट, धंद्याने विमान उडवायला शिकवणारा आणि सर्वांना 'मास्तर' म्हणूनच ठाऊक असलेला, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. मला कोणी धाक घातलेला नाही, कोणी भुलवलेले नाही, आणि आज घेतलेल्या गोळ्या फक्त साखरेच्या व रक्तदाबाच्या आहेत. पाय मात्र ठिकाणावर नाहीत. त्याचा खुलासा कलम सातमध्ये येईल. आधीच्या मृत्युपत्रात मी माझे विमान आमच्या विमानांची दुरुस्ती करणाऱ्या मिस्त्रीच्या मुलीला दिले होते. ते मृत्युपत्र आता रद्द समजावे. देण्यासारखे विमान उरले नाही आणि घेणारीही उरली नाही.

येत्या मंगळवारी माझा डावा पाय घोट्यापासून काढणार आहेत. अंगठा गेल्या महिन्यातच गेला. सर्जनने विचारले, "दुखतंय का?" मी म्हणालो, "अजिबात नाही." तो म्हणाला, "तेच तर वाईट आहे." भूल माझ्या हृदयाला सोसेल असे तो छातीठोकपणे सांगत नाही, म्हणून ही घाई.

कलम १. विमानतळाच्या कुंपणालगतचे माझे दोन खोल्यांचे घर, भांड्याकुंड्यांसह, माझ्या थोरल्या बहिणीला द्यावे. मेहुण्यांनी तिथे राहण्यास माझी हरकत नाही. "उलटं उडून पोट भरत नाही" हे त्यांनी मला दोनदा ऐकवले, एकदा माझ्या लग्नाच्या बोलणीत आणि एकदा बायको गेली त्या दिवशी. पोट भरले. बाकी त्यांचे बरोबर होते.

कलम २. बँकेत जे काही असेल ते सरकारी दवाखान्यातल्या त्या विभागाला द्यावे, जिथे एक नर्स साखरेच्या रुग्णांचे पाय तपासते. तिला बसायला धड स्टूल नाही आणि दिवा पिवळा आहे. मी तिच्याकडे सहा वर्षे उशिरा गेलो.

कलम ३. फ्लाइंग क्लबच्या सेक्रेटरीला माझ्याकडून काहीही नाही. हँगरच्या, म्हणजे विमाने ठेवायच्या शेडच्या भिंतीवर, एकट्याने उडालेल्या प्रत्येक विद्यार्थ्याचे नाव रंगवायची आमची रीत आहे. मिस्त्रीने आपल्या मुलीचे नाव त्या सकाळी, ती उडायच्या आधीच रंगवले होते. बापाला कुठला धीर! चौथ्या दिवशी सेक्रेटरीने त्यावर चुना फासला. म्हणाला, "नवीन पोरं बिचकतात हो." माझ्या शोकसभेत त्याला बोलू देऊ नये. तो आलाच तर मागे बसवावे.

कलम ४. अंत्यविधीच्या वेळी वरून विमान नेऊ नये. माझी राख विमानातून उडवू नये. हे काम मी एका जुन्या वैमानिकासाठी केले आहे. अर्धी राख खिडकीतून परत आत येते आणि आठवडाभर सीटच्या फटीत सापडत राहते. कुठेही पुरावी, खूण ठेवू नये.

कलम ५. पुढचे समजण्यासाठी विमानाबद्दल थोडे सांगणे भाग आहे. आमचे विमान दोन सीटचे, एकामागे एक. विद्यार्थी पुढे, मास्तर मागे. त्याचे तिसरे चाक नाकाखाली नसून शेपटीखाली असते. अशा विमानाचे वजन मोठ्या चाकांच्या मागे असते, त्यामुळे जमिनीवर टेकल्यावर शेपटी नाकाच्या पुढे जायला बघते, जशी मागे ढकललेली हातगाडी भलतीकडे वळते. ती जागेवर ठेवायला दोन्ही पायांनी सुकाणूचे पेडल सतत, हलके हलके दाबत राहावे लागते, इंजिन बंद होईपर्यंत. पुढची आणि मागची पेडले एकमेकांना जोडलेली असतात. मागच्याने दाबले की पुढचेही हलते.

उलटे उडणे, कोलांट्या, गिरक्या, हे लोकांना अवघड वाटते. वर चुकायला तीन हजार फूट जागा असते. खाली दोन हात असते. मी एकतीस वर्षे हेच वाक्य विद्यार्थ्यांना ऐकवले आणि स्वतः विसरलो.

कलम ६. मिस्त्रीच्या मुलीला आम्ही भिंगरी म्हणायचो. ती सहा वर्षांची असल्यापासून बापाचा डबा घेऊन हँगरमध्ये यायची आणि घरी जायचे नाव घ्यायची नाही. बाविसाव्या वर्षी शिकायला बसली. गिरकीत घातले की हसायची. मी ओरडायचो, "हसतेस काय, बाहेर काढ!" ती म्हणायची, "काढते हो काका, जरा बघू तर द्या!" मग नेमक्या उंचीवर बाहेर काढायची. वर तिला शिकवण्यासारखे फार उरले नव्हते.

उतरताना मात्र ती पाय उशिरा हलवायची. मी पन्नास वेळा उतरवून घेतले. पुढे पुढे तिचे उतरणे इतके सुरेख होऊ लागले की मिस्त्री हातातले काम टाकून बघत उभा राहायचा. एकदा ती म्हणाली, "काका, हे विमान केवढं शहाणं आहे. मी चुकायच्या आधीच सरळ होतं." मी ते बोलणे दोन दिवस सगळ्यांना कौतुकाने सांगत फिरलो. मला तेव्हाच कळायला हवे होते की विमान शहाणे नसते.

एकटीने उडायच्या आदल्या दिवशी तिने विचारले, "काका, खरं सांगा, मीच उतरवतेय ना?"

मी म्हणालो, "मग काय भूत उतरवतंय?"

तिच्या उड्डाणांच्या वहीत मी लिहिले: सलग बारा वेळा उतरवले, शिक्षकाची मदत नाही. खाली माझी सही आहे.

कलम ७. माझ्या पायांची संवेदना साखरेने सहा वर्षांपूर्वीपासून जात होती. वैमानिकांच्या वार्षिक तपासणीत डॉक्टर तळव्याला दोरा टेकवतात आणि आपण डोळे मिटून, स्पर्श कळला की 'हो' म्हणायचे असते. मी डोळे किलकिले ठेवून त्यांचे कोपर हलले की 'हो' म्हणायचो. सलग पाच वर्षे पास झालो. पेडल नीट कळावे म्हणून मोच्याकडून बुटांचे तळवे पातळ करून घ्यायचो. मग आणखी पातळ. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, "साहेब, आता कातडं राहिलंय कुठं? आता तुमचंच काढून लावावं लागेल."

भिंगरी एकटी उडाली त्याच्या दोन महिने आधी मिस्त्रीने मला हँगरमध्ये थांबवले. "मास्तर, तुझ्या बुटातून ऑइल गळतंय की काय?" फरशीवर माझ्या पावलांचे डाग होते. त्याने मला खुर्चीवर बसवून बूट काढला. आत एक नट होता. सकाळपासून तो माझ्या तळव्यात रुतून बसला होता आणि मी तीन उड्डाणे करून आलो होतो. "अरे, कळलं नाही तुला?" मी म्हणालो, "कामात होतो." तो हसला, मीही हसलो. त्याने नट पुसून डब्यात टाकला.

कलम ८. तिच्या एकटीच्या उड्डाणाच्या दिवशी वारा डावीकडून होता, फार नव्हता. भिंगरी सुंदर उतरली. चाके टेकली, शेपटी टेकली आणि मिस्त्रीने टाळी वाजवली. मग नाक डावीकडे वळू लागले. तिने काही केले नाही. आता मला कळते की ती वाट बघत होती. विमान नेहमीसारखे आपणहून सरळ होईल याची वाट बघत होती. विमान गर्रकन फिरले, पंख जमिनीला लागला आणि ते गटाराच्या काँक्रीटच्या कठड्यावर उलटे पडले. ती दुसऱ्या दिवशी सकाळी गेली.

कलम ९. चौकशीत मी शपथेवर सांगितले की शेवटच्या बारा वेळी माझे पाय फरशीवर होते. मी खोटे बोलत नव्हतो. मला तसेच वाटत होते. शेपटीच्या चाकाची स्प्रिंगची पट्टी आणि तिचा बोल्ट तुटलेले सापडले. अहवालात दोन शक्यता लिहिल्या: विद्यार्थिनीचे कौशल्य अपुरे असावे, किंवा बोल्ट आधीच सैल असावा. तो बोल्ट मिस्त्रीने त्याच सकाळी आवळला होता.

त्यानंतर त्याने पान्याला हात लावलेला नाही. एका गोदामाच्या फाटकावर बसतो. रोज पाचला माझ्याकडे येतो, खिशातून तो तुटका बोल्ट काढतो आणि खिडकीच्या उजेडात फिरवत बसतो. "मास्तर, मी आवळला होता रे. आवळला होता ना?" मी म्हणतो, "होता." तो म्हणतो, "मग तुटला कसा?" मी चहा ठेवायला उठतो.

कलम १०. अपघातानंतर तीन महिन्यांनी मी उडायचे बूट मोच्याला दिले, पुन्हा तळवे बसवायला. कशाला दिले ते मला सांगता येणार नाही, मला कुठे उडायचे होते! तळवे नवेच होते, भिंगरीच्या त्या शेवटच्या बारा उड्डाणांच्या आदल्या दिवशी बसवलेले. ते बूट मी हँगरपासून सीटपर्यंतच घालायचो आणि त्या तळव्यांनिशी त्या बारांखेरीज उडालो नव्हतो.

मोच्याने बूट उलटा करून माझ्यासमोर धरला. बोटांखाली कातडे पार झिजले होते. त्यात पेडलच्या खाचांचे आडवे वळ उमटले होते, उजव्या बुटावर जास्त. टाचा कोऱ्या होत्या.

"साहेब, हे घालून तुम्ही नुसते बसला होता म्हणता?"

"हो."

"बसलेल्या माणसाची टाच झिजते. हा माणूस काम करत होता."

एकतीस वर्षांची सवय. पाय आपणहून पेडलवर चढले, आपणहून तिला सावरत राहिले, आणि मला त्याची खबर मिळाली नाही. तिला उतरवता येत नव्हते. बाराही वेळा मीच उतरवत होतो. हे मला अकरा महिन्यांपासून माहीत आहे. या अकरा महिन्यांत मिस्त्री रोज पाचला आला आहे.

कलम ११. म्हणून खालीलप्रमाणे करावे.

बुटांचा जोड आणि भिंगरीची वही चौकशी कार्यालयाला द्यावी. सोबत हे मृत्युपत्र जोडून अहवालातल्या दोन्ही शक्यता खोडायची मागणी करावी. मुलीचा दोष नव्हता, कारण तिला शिकवले गेलेच नव्हते. बोल्ट विमान उलटताना तुटला.

विमानाचा सांगाडा भंगारात द्यावा. त्याआधी मागच्या सीटची पेडले कापून वेगळी वितळवावीत.

हँगरच्या भिंतीवरचा चुना खरवडावा. खालचा रंग पक्का आहे, मिस्त्रीने स्वतः कालवलेला.

मिस्त्रीची हत्यारांची पेटी माझ्या पलंगाखाली आहे. ती त्याचीच आहे, मी फक्त पान्यांना तेल लावत होतो. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये असे वकीलबाईंनी बजावले आहे, म्हणून पेटी दिली असे न समजता परत केली असे समजावे. मला त्याचीच साक्ष हवी आहे. त्याला समोर बसवून सांगायची माझी छाती झाली नाही. कागद पुढे सरकवता येईल.

कलम १२. हे कलम नंतर, साक्षीदारांसमोर लिहीत आहे. मिस्त्री पाचला आला. मोची आधीच येऊन बसला होता. मी कागद पुढे केला आणि म्हणालो, "सही करायच्या आधी वाच." त्याने उभ्यानेच वाचले. कलम सातपाशी थांबला, पुन्हा मागे गेला, मग शेवटपर्यंत वाचले. बुटांकडे बघितले नाही. मला वाटले मारेल. मारले असते तर बरे झाले असते.

तो म्हणाला, "नट मीच काढला होता ना."

मी म्हणालो, "त्याचा इथे काय संबंध?"

"अर्धा आत गेला होता मास्तर. तुला कळलं नव्हतं. मी बघितलं होतं. आणि दुसऱ्या दिवशी पोरीला तुझ्यापुढे बसवलं." मग खिशातला बोल्ट काढून त्याने टेबलावर ठेवला. "हा आता नको."

मी त्याला सोडवायला निघालो होतो. एक ओझे काढून त्याच्या हातात दुसरे दिले. म्हणून स्पष्ट नोंदवतो: नट माझ्या बुटात होता, पाय माझा होता, आणि ते सांगायचे कर्तव्य एकट्या माझे होते. मिस्त्रीकडे यातला कणभरही दोष जात नाही. हे कलम इतर सर्व कलमांच्या वरचे मानावे.

स्थळ: राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल.
दिनांक: ९ फेब्रुवारी, शुक्रवार, सायंकाळी सहा.

मृत्युपत्र करणार: मास्तर (सही)

साक्षीदार पहिला: मास्तरांनी माझ्यादेखत सही केली. बूट मीच शिवलेत, ओळखतो. मोची (सही)

साक्षीदार दुसरा: सही माझ्यासमोर झाली. सगळं वाचलं. बाराव्या कलमाखेरीज बाकी मान्य. मिस्त्री (सही)