फ्लोरिदाल्माला चिकाबालहून आणणे

२० एप्रिल, शनिवार

फ्लोरिदाल्मा माहेरी जाऊन चौथा महिना लागला. भावाच्या शेतातले बटाटे काढायला गेली होती. बटाटे निघाले, विकले गेले, लोकांनी खाल्लेही. आता नवी लागवड चालू आहे म्हणे. शेतीत माणूस अडकतो तो असा. मी फोन करत नाही. उगाच तिला अपराधी वाटायला नको.

प्लॅन ठरला. ईस्टरनंतर चाळिसाव्या दिवशी तिच्या गावची, सान मार्तीनची, झाडून सगळी माणसं चिकाबालच्या ज्वालामुखीवर चढतात आणि वरच्या तळ्याकाठी पाऊस मागतात. ती असणारच. मी माझ्या विद्यार्थिनीला तळं दाखवायला म्हणून सहज तिथे जाणार. अचानक भेट. ती विरघळणार. संध्याकाळच्या बसने दोघं शेला शहरात, आपल्या घरी.

२२ एप्रिल

मरायकेला सांगितलं. ही हॉलंडची मुलगी एका टर्मसाठी इथे शिकायला आली आहे, रोज सकाळी माझ्याकडे स्पॅनिश शिकते. म्हणाली, मी जाणारच आहे, फ्लोरिदाल्माबाईंनी बोलावलंय.

कोणी?

दर रविवारी ही सान मार्तीनला जाते आणि माझ्या बायकोकडे माम भाषा शिकते. मला आजपर्यंत पत्ता नाही. अर्थात लगेच लक्षात आलं. फ्लोरिदाल्मा माझी खबर काढायला हिला बोलावत असणार. विचारलं, माझ्याबद्दल काय काय विचारते? मरायके म्हणाली, "अजून तरी काही विचारलं नाही."

स्वाभिमानी बाई.

२३ एप्रिल

उद्यापासून गोड पाव बंद. रोज पहाटे एल बाउलची टेकडी. स्टॅमिना हवा. तिच्यासमोर धापा टाकत जाणं बरं दिसणार नाही.

२४ एप्रिल

गुडघा.

२७ एप्रिल

टेकडीच्या पायथ्यापर्यंत गेलो. तिथे पाववाली बसते. चढणं हा मुळात मनाचा खेळ आहे, आणि मन माझं तयार आहे.

२ मे

वाक्यं तयार केली. साधी, सोपी, तिला कळतील अशी.

शाळेतला सहकारी विचारत होता, भांडण कशावरून झालं? भांडण झालंच नाही. नाताळच्या जेवणाला ती सगळ्या मास्तरांसमोर काहीतरी सांगत होती, आईच्या आजारपणाचं. क्रियापद चुकलं. मी दुरुस्त केलं. लोक हसले, मीही हसलो. तिने पुढचं सांगितलं नाही. एवढंच. लग्न झाल्यापासून दुरुस्त करतोय. स्पॅनिश काही तिची भाषा नाही, मी नाही सुधारायचं तर कोणी?

८ मे

नवे बूट. नवा शर्ट. तळ्याला वाहायला पांढरे ग्लॅडिओलस घेतले. वाक्यं पाठ आहेत. घर झाडलं, तिची उशी उन्हात टाकली.

९ मे, गुरुवार, संध्याकाळ

सगळं नीट लिहून ठेवतो.

बूट चावले. अर्ध्या वाटेत मरायकेने माझी पिशवी घेतली, मग फुलंही घेतली. डोक्यावर भांडी, पाठीला मुलं बांधलेल्या बाया मला मागे टाकून बोलत बोलत जात होत्या. एक म्हातारी थांबली. म्हणाली, "मास्तर, हे तळं पूर्वी एकदा रुसून जागा सोडून आलंय म्हणतात. पण आज नाही कुठे जायचं. सावकाश या."

माथ्यावर पोचलो तर खाली नुसतं धुकं. पायऱ्या उतरताना धुपाचा वास आला, मारिंबाचे लाकडी सूर ऐकू आले, पाणी काही दिसेना. काठावर आलो तेव्हा धुकं थोडं फाटलं. पाण्याच्या कडेने चिखलात फुलं रोवलेली. आणि ती गुडघ्यांवर बसलेली, पाठमोरी, मोठ्याने प्रार्थना म्हणत होती.

माम मला येत नाही. कधी गरज पडली नाही. पण इतकं सलग बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. घरी ती वाक्यं अर्ध्यावर सोडायची. इथे एकदाही अडखळली नाही. मागची माणसं मान डोलवत होती, एकदोघं डोळे पुसत होती. मला वाटलं, ही दुसरीच कोणी असेल. मग ती वळली.

मी वाक्यं विसरलो.

ती म्हणाली, "मास्तर, तुम्ही आलात? दमला असाल. बसा."

तुम्ही. ही मला भांडतानासुद्धा तू म्हणायची. सतरंजीवर शहरातून आलेले पाहुणे बसले होते, त्यांच्यात मला बसवलं. पानातले तामाल दिले, कॉफी दिली. फुलं घेऊन तिने स्वतः काठावर रोवली. छान आहेत म्हणाली.

मी म्हटलं, "संध्याकाळी बस आहे."

"हो, चुकवू नका. नंतरची मिळत नाही."

"तुझा राग गेला असेल तर..."

"राग नाही हो. तो केव्हाच गेला."

"मग?"

"मग काही नाही. कॉफी गार होतेय तुमची."

तेवढ्यात तिला कोणीतरी हाक मारली. ती हसत गेली.

बसमध्ये मरायकेला विचारलं, तुला तर माम कळते, तिने काय मागितलं? मरायके सांगत गेली. पाऊस मागितला. भावाच्या बटाट्यांसाठी, वहिनीच्या बाळंतपणासाठी मागणं घातलं. गेलेल्या आईचं नाव घेतलं. शेजाऱ्याची आजारी गाय. बसचा ड्रायव्हर, कारण घाटात धुकं असतं. मरायकेचंही नाव घेतलं, घरापासून लांब आहे म्हणून.

"आणि माझं?"

मरायके म्हणाली, "नव्हतं, सर."

मी म्हटलं, तुझी माम अजून कच्ची आहे. एखादं वाक्य निसटलं असेल.

"हो, असेल," म्हणाली.

असणारच. एवढी मोठी प्रार्थना होती.

१० मे, शुक्रवार

मातृदिनाची सुट्टी. सकाळीच मेहुणा एर्मेलिंदो पिकअप घेऊन आला. मला वाटलं, ती गाडीत असेल. बाहेर जाऊन बघितलं. नव्हती.

तिचा कमरेला बांधून विणायचा माग न्यायला आला होता. तो अंगणातल्या खांबालाच बांधलेला होता, अर्ध्या कापडासकट. एर्मेलिंदोला दोरीची गाठ सुटेना. चाकू मागत होता. मी म्हटलं, कापू नको. नखांनी सोडवली. बराच वेळ लागला. कापड गुंडाळून दिलं.

गाडीत बसता बसता त्याने विचारलं, "दाजी, तिचं आणखी काही राहिलंय का? परत खेप नको."

मी आत जाऊन सगळ्या खोल्या बघून आलो.

काही राहिलं नव्हतं.