दुखापतीचा रकाना

बाई, तुम्ही गेलात तेव्हा मी अमेरिकेत नवीन होते. बातमी चार महिन्यांनी फोनवर कळली आणि मला रडू आलं नाही, कारण तुमच्यावरचा राग तेव्हाही उतरला नव्हता. आज एका जिमच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून तुम्हाला लिहितेय. आत माझा मुलगा ट्रायल देतोय. माझ्याच जागेवर खेळतो, बास्केटबॉलमध्ये गार्ड. कॉलेजची पहिली दोन वर्षं बेंचवर बसला, मग कॉलेज बदललं आणि शेवटच्या वर्षी कॅप्टन झाला. वरच्या लीगने विचारलं नाही, विचारणार नव्हतीच. ही तिच्या खालची लीग, लहान लहान गावांतून बसने फिरणारी. शंभरेक पोरं आलीत, घेणार दोघा-तिघांना. वेस्ट विंडसरच्या घरापासून इथपर्यंत तो डाव्या बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत होता.

मला काळजी ट्रायलची नाही, पायाची आहे. तुमची विद्यार्थिनी आता दवाखान्यात एक्स-रे काढते. तीन आठवड्यांपूर्वी तो लंगडत आला म्हणून मीच त्याला आमच्या डॉक्टरांकडे नेलं. फोटो मी काढला नाही, पण स्क्रीनवर आला तेव्हा मागे उभी होते. डाव्या पावलाच्या बाहेरच्या हाडावर केसाएवढी रेघ. डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे पळायचं नाही, पळालास आणि पुरतं मोडलं तर ऑपरेशन, मग खेळाचं काही सांगता येत नाही. गाडीत बसल्यावर तो म्हणाला, "आई, प्लीज, बाबांना सांगू नकोस. आय हॅव वन शॉट." पोरगा चोवीस वर्षांचा आहे. त्याचे रिपोर्ट त्याच्या परवानगीशिवाय मी कोणाला सांगितले तर माझी नोकरी जाईल, कायदाच आहे तसा. छान कारण मिळालंय मला.

गेल्या रविवारी तो ओट्याशी उभा राहून फोनवर ट्रायलचा फॉर्म भरत होता आणि मी पोहे परतत होते. त्याने मोठ्याने वाचलं, मागच्या सहा महिन्यांत काही दुखापत? मग माझ्याकडे बघितलं. मी पोह्यांवर झाकण ठेवलं. "नो," असं म्हणून त्याने पुढचं पान उघडलं. मूग गिळून बसणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

तेव्हापासून तुम्ही डोक्यातून जात नाही. नागपूरचं ते शाळेचं सिमेंटचं मैदान, जिल्ह्याच्या सोळा वर्षांखालच्या सामन्यांसाठी तुम्ही केलेली संघाची यादी. मला सोळा पूर्ण होऊन तीन महिने झालेले. माझ्या बाबांनी कुठून तरी जन्माचा दाखला करून आणला होता, त्यात मी वर्षाने लहान. सगळ्या शाळा वय चोरायच्या, तुम्हालाही ठाऊक होतं. तुम्ही दाखला बघितलात, घडी करून माझ्या हातात परत दिलात आणि सगळ्यांसमोर यादीतलं माझं नाव खोडलंत. "आपल्या वस्तीतल्या पोरींकडे लोक आधीच बोट दाखवायला टपलेत. मी त्यांना आयतं कारण देणार नाही. आणि तू खेळलीस तर जिची जागा जाईल, ती काय करेल?" मी म्हटलं, "काहून बाई, माझंच नाव दिसलं का तुम्हाला?" तुम्ही म्हणालात, "हो, तुझंच. तू माझी आहेस म्हणून." त्यानंतर मी बॉलला हात लावला नाही. तुमचं बरोबर होतं, हे मी माझ्या मुलाला शंभरदा सांगितलंय, जेवताना, गाडीत, कोणाचं कॉपीचं प्रकरण निघालं की. आता वेळ आली तर आपला तो बाब्या.

मघाशी राहवलं नाही. उतरले आणि दारातल्या टेबलापर्यंत गेले. सरळ सांगून टाकायचं ठरवलं होतं, नोकरी गेली तर गेली. त्याने चिडावं, वर्षभर बोलू नये, पण पाय शाबूत राहावा. टेबलाशी बसलेल्या बाईने विचारलं, कोणाच्या आई तुम्ही? मी त्याच्या जर्सीवरचा नंबर सांगितला. तिने कागदावर बोट फिरवलं आणि हसून म्हणाली, अरे वा, त्याला आत्ताच पहिल्या गटात घेतलंय, कोच त्याच्याबद्दलच बोलत होते. तुम्हाला काही हवं होतं का? मी म्हटलं, बाथरूम कुठे आहे?

परत येऊन गाडीत बसलेय. आतून शिट्टी ऐकू येते आणि दर वेळी मी दाराकडे बघते. काळजी खरी आहे बाई, ती खोटी समजू नका. पण हे पत्र पोचवायला पत्ता नाही ते बरंच आहे, कारण तुमच्या तोंडावर मला हे सांगता आलं नसतं: पहिला गट म्हणाली ना ती, तेव्हा मला इतका आनंद झाला की त्याचा पाय आठवलाच नाही.