गळीची रील अन् निळी टाकी

पांढुर्णा, रविवार, १४ सप्टेंबर, संध्याकाळ

उद्या शाळेच्या वादविवादात मले पोरांवरच्या सोशल मीडिया बंदीच्या विरोधात बोलायचं आहे, अन् आज मुद्दा स्वतः चालत बगीच्यात आला.

व्यापारी संत्र्याचा बगीचा पाहायले येणार, म्हणून सकाळीच आम्ही झाडांखालची गळलेली फळं उचलून नाल्यात टाकली. दरवर्षीच टाकतो; गळ दिसली की भाव पडतो. दुपारी बाबा ऐटीत म्हणाले, "औंदा गळ नाहीच, शेठ."

शेठनं मोबाईल पुढे केला. माझीच रील! गळलेल्या संत्र्यांचा ढीग, मागे आमची निळी टाकी, वरून गाणं. सकाळीच टाकली होती मी.

बाबा असे भडकले! "पोरांले हे सारं बंदच करा. कायदाच पाहिजे!"

शेठ हसले. "भाऊ, कायदा आला तर मले खरं कोण सांगन?"

मग बाबाही हसले. सौदा झाला! हेच वाक्य उद्या बोलणार. टाळ्या पक्क्या!

फक्त एक गोष्ट. निघताना मी शेठले विचारलं, बगीचा आमचाच हे कसं ओळखलं? मी ना नाव टाकलं, ना गाव.

"बेटा, तुमची निळी टाकी रस्त्यावरून दिसते ना."

निळी टाकी. त्याच रीलखाली एका अनोळखी माणसानं विचारलंय, शाळा कोणती तुझी? मी उत्तर दिलं नाही. हुशारीच केली, असं वाटत होतं.

पण टाकी तर त्यानंही पाहिली असन.